माझ्याच अंगणातली जबानी

मंडळात आम्ही नऊजण होतो, आणि नवांत सही करायला सगळ्यांत जास्त वेळ मला लागायचा. बाकीचे खरडून मोकळे व्हायचे. मी एकेक अक्षर उभं करायचो, वर रेघ ओढायचो, मग टाक खाली ठेवायचो. वकील म्हणायचे, "घाई नाही, अण्णा." मी म्हणायचो, "घाई मलाबी न्हाय." तिसरीतनं शाळा सुटली होती, पण नाव लिहायला शिकलो होतो, आणि अंगठा काही मी कुठं उठवणार नव्हतो.

ही गोष्ट दुसऱ्या महायुद्धाच्या आधीची. आमचं गाव एका लहानशा संस्थानात होतं. ओढा ओलांडला की इंग्रजांचा मुलूख, आणि तिथून दोन कोसांवर निपाणी. ओढ्यापलीकडं माणसाला कोर्ट होतं, वकील होता. अलीकडं फक्त कारभारी होता. त्याच्या मनात आलं की गावानं गाड्या जुंपायच्या, माणसं द्यायची, फुकट राबायचं. त्याला वेठ म्हणत. वेठीला नाही म्हणायची सोय नव्हती. असल्या जुलमांबद्दल रयतेच्या वतीनं बोलायला आमचं मंडळ निघालं. पगार नाही, भत्ता नाही, उलट घरच्यांच्या शिव्या. दर बाजारादिवशी आम्ही निपाणीत एका तंबाखूच्या वखारीत बसायचो आणि लोकांची गाऱ्हाणी ऐकायचो. वखार मंडळातल्याच एका व्यापाऱ्याची होती, त्यांना सगळे आप्पा म्हणत. घरात कानडी, बाजारात मराठी, आणि राग आला की दोन्ही. तंबाखूच्या धुळीनं नवा माणूस शिंकून शिंकून बेजार व्हायचा. आप्पा म्हणायचे, "शिंकू द्या. खोटं सांगायला आला असंल तर शिंकतच घरला जातोय."

वकील बेळगावचे. सर्व्हिस मोटारीनं यायचे, चुरगळलेला कोट घालून. मंडळाचे अध्यक्ष तेच. त्यांनी एक नेम घातला होता. गाऱ्हाण्याची चौकशी करायला ज्या गावात जायचं, तिथं कुणाच्या घरचं खायचं नाही. आपली भाकरी आपण फडक्यात बांधून न्यायची. मला हा नेम पहिल्यापासून पटला नव्हता, पण शिकलेल्या माणसाचा म्हणून मी गप्प होतो.

दुसरा नेम माझा. वकील नुसती जबानी लिहून सही-अंगठा घ्यायचे. मी म्हणालो, "अंगठा कुणीबी देतंय. हातात भंडारा द्या." आमच्या भागात देवाचा भंडारा, म्हणजे देवळातली हळद, मुठीत धरून माणूस खोटं बोलत नाही. अर्धं खरंही बोलत नाही. वकील हसले. पुढं चार जबान्या भंडाऱ्यावर झाल्या आणि चारीमधल्या चुका गाऱ्हाणं सांगणाऱ्यानंच आपण होऊन दुरुस्त केल्या, तेव्हा ते हसायचे थांबले. ह्याचा मला लई अभिमान होता. अजून आहे.

मग आमच्याच गावाची पाळी आली. आदल्या सुगीत कारभारी पाहुणे घेऊन शिकारीला गेला होता, लांब कणकुंबीच्या रानात. सामान वाहायला आणि रान उठवायला हाके म्हणून आमच्या महारवाड्यातली सहा माणसं नेली. तेव्हा महारवाडाच म्हणत, मीही म्हणायचो. पंधरा दिवसांनी पाच परत आली, तीही थंडीतापानं फणफणलेली. सहावा तिथंच गेला. त्याला कुठं पुरला हेसुद्धा गावात नीट कुणाला ठाऊक नव्हतं. पाचांतले चौघं भीतीनं तोंड उघडायला तयार नव्हते. पाचवा त्या मेलेल्याचा थोरला भाऊ. तो एकटा पायी वखारीत आला, शिंकला नाही, आणि म्हणाला, "माझा भाऊ कसा गेला ते कागदावर लिवा. कारभाऱ्याच्या समोर वाचा. मला दुसरं काय नगं."

वकील म्हणाले, ह्या एका जबानीवर सगळा अर्ज उभा राहील. ही नसली तर आपल्यापाशी नुसती कुजबुज आहे.

जबानी गावात, चारचौघांसमोर घ्यायची ठरली. गाव माझं. मी म्हणालो, "माझ्या अंगणात बसू. पण एक सांगतो. माझ्या गावात मंडळ येणार आणि फडक्यातनं शिळी भाकरी सोडून खाणार, हे व्हायचं न्हाय. माझं नाक कापलं जाईल."

"नेम आहे, अण्णा," वकील म्हणाले.

"नेम परगावाला. हे माझं घर हाय. पुरणाची पोळी हुईल."

आप्पा पोळीचं कानडी नाव घेत म्हणाले, "होळगी म्हटल्यावर नेम कसला, वकीलसाहेब?" आणि माझं चाललं.

माझ्या घरात थोरली बहीण सगळं बघायची. तिला आम्ही आक्का म्हणत असू. विधवा, तोंडानं तिखट, हातानं गोड. तिनं आदल्या दिवशीच डाळ निवडली. म्हणाली, "नऊ मेंबर, गावातली पंचवीस-तीस डोकी. चुलीला गाडीभर लाकूड लागंल. सांगून ठेव."

मी सांगून ठेवलं. कुणाला, कसं, ह्याचा विचारसुद्धा केला नाही. आमच्याकडं येसकराची पाळी असायची. महारवाड्यातलं एक घर वर्षभर गावाचं काम करायचं. निरोप न्यायचा, लग्नकार्याला लाकूड फोडायचं, अंगण सारवायला शेण-माती आणायची, आणि संध्याकाळी घरोघर भाकरी मागून न्यायची. ज्याची पाळी असेल त्याला सांगावा गेला. तांबडं फुटताना कुऱ्हाडीचा आवाज ऐकला आणि बरं वाटलं. म्हटलं, काम वेळेवर चाललंय.

मंडळ आलं. अंगणात घोंगडी अंथरली होती, वर चादर ताणली होती. गाव जमलं. मी भंडारा पितळेच्या वाटीत भरून आणला. आक्काच्या पुरणाचा वास सगळ्या गल्लीत सुटला होता. वकिलांनी कागद काढला, टाक बुडवला आणि म्हणाले, "बोलवा त्यांना."

तो नव्हता. इकडं तिकडं विचारलं. कुणीतरी म्हणालं, परड्यात हाय. परड्यात, म्हणजे माझ्याच घरामागं. मी हाक मारली, "ये रं, साहेब थांबल्यात!" तेव्हा कुऱ्हाडीचा आवाज थांबला आणि तो पुढं आला. अंगभर ढलप्या, बंडी घामानं पाठीला चिकटलेली. पाळी त्याच्या घराची होती. मला हे ठाऊक नव्हतं असं मी म्हणणार नाही. ठाऊक होतं, पण ते आणि हे एकाच ठिकाणी ठेवून मी कधी बघितलं नव्हतं.

तो घोंगड्याच्या कडेला, मातीवर बसला. मी वरूनच त्याच्या मुठीत भंडारा सोडला. वकिलांनी नाव, गाव लिहून घेतलं. मग त्यांचा नेहमीचा पहिला प्रश्न आला, "तुमच्याकडून वेठ शेवटची कधी घेतली?"

तो म्हणाला, "आज."

चारदोन जण हसले. वकील म्हणाले, "तसं नव्हे. वेठ. फुकट काम."

"व्हय साहेब. आज. तांबडं फुटल्यापास्नं."

"कुठं?"

त्यानं हात करून दाखवलं नाही. मान खाली घालून म्हणाला, "ह्याच घरात."

मी उठलो. "भाकरी देत न्हाय व्हय रं तुला? सणाला पोळी मिळत न्हाय? तुझ्या बापानं केलं, आज्यानं केलं. कारभाऱ्याची वेठ निराळी आणि गावकी निराळी!"

"भाकरी मिळती, अण्णा," तो शांतपणे म्हणाला. "मागून मिळती. आज न्हाय आलो असतो तर चाललं असतं काय?"

 माझा आवाज चढला. काय बोललो ते सगळं आता आठवत नाही, आणि आठवतं ते लिहायचं नाही.

वकिलांनी टाक थांबवला होता. ते कडेला येऊन मला म्हणाले, "हे आपण गाळू. अर्ज शिकारीबद्दल आहे. घरातली गोष्ट घरात." मग त्याला म्हणाले, "आपण शिकारीपासून सुरू करू."

तो म्हणाला, "मग माझं काहीच लिवू नका."

"अहो, तुमच्या भावासाठी आलोय आम्ही."

"म्हणूनच म्हणतोय. मुठीत भंडारा हाय. आजची वेठ गाळली तर भावाचीबी खोटी पडंल. उद्या कारभाऱ्याचा माणूस इचारंल, लाकडं कुणाची फोडत हुतास रं? मी काय सांगू?"

 आप्पा माझ्याकडं बघत म्हणाले, "भंडारा तुमचाच हो, अण्णा." टोमणा होता का दिलासा, कळलं नाही. मी चपला घातल्या आणि परड्यात गेलो.

अर्धं लाकूड फोडायचं राहिलं होतं. एक बाभळीचा ओंडका, पाचर मारून ठेवलेली. मी कुऱ्हाड उचलली. लाजेनं नव्हे, रागानं. वाटलं, एवढं काय त्यात, दाखवतोच. दहाबारा घाव घातले आणि कुऱ्हाड गाठीत अडकून बसली. काढता निघेना. आक्का सैपाकघराच्या दारात उभी होती, हातात पिठाचा गोळा.

"रान उठवल्यासारखा आवाज आला म्हणून बघायला आले," ती म्हणाली. "काय बोलला तो?"

मी सांगितलं.

"खोटं बोलला?"

"न्हाय."

"मग? पोळ्या गार व्हायला लागल्यात. लिवा म्हणावं आणि ताटं मांडा. आणि ती कुऱ्हाड तिथंच राहू दे, पाय तोडून घेशील."

आक्काला मंडळ कधी आवडलं नाही. पण तिच्या बोलण्यात एक होतं, ती गोष्ट लहान करून हातात द्यायची. खरं आहे, तर लिहा. माझा अडथळा तेवढाच होता, आणि तो मी अंगणभर पसरला होता.

मी परत आलो. तो तसाच बसला होता, मूठ मिटलेली, बोटांमधनं हळद घामानं ओघळत होती. मी वकिलांना म्हणालो, "लिवा. माझं नाव घालून लिवा. घर कुठलं, काम कुठलं, सगळं."

वकिलांनी विचारलं, "नक्की? तुम्ही मंडळाचे मेंबर. हा कागद दरबारात जाणार."

"मला एकदा सांगितलेलं दोनदा सांगायची सवय न्हाय."

मग शिकारीचं सगळं लिहिलं. कुणी नेलं, काय खायला दिलं, कुठल्या ओढ्याचं पाणी प्यायले, ताप कधी चढला, भावाला झाडाखाली सोडून हाके पुढं कसे हाकलले, आणि झाडापाशी परत आल्यावर तो कसा मरून पडलेला सापडला. तो थांबून थांबून सांगत होता, एकदा तर आपणच म्हणाला, "न्हाय, तो बुधवार नव्हता, गुरवार. गुरवार लिवा." खाली त्याचा अंगठा, आणि साक्ष म्हणून माझी सही. त्या दिवशीही मी रेघ सोडली नाही.

पोळी त्यानं खाल्ली नाही. मी दोनदा म्हणालो. 

महिन्याभरानं अर्ज घेऊन आम्ही कारभाऱ्याच्या कचेरीत गेलो. वकील, आप्पा, मी. जबानी देणारा तो भाऊही बरोबर आला होता, पण शिपायानं त्याला पायरीवरच थांबवलं. कारभाऱ्यानं कागद वाचायला घेतला. पहिलं पान संपता संपता तो हसायला लागला.

"हे कोण? हा मनुष्य मंडळात आहे म्हणे, आणि ह्यानंच सकाळी वेठ घेतली?"

"मीच तो," मी म्हणालो.

"आणि मला वेठीबद्दल सांगायला आलात?"

"वेठ कशी असती ते घेणाऱ्यालाच ठाऊक, सरकार. म्हणून आलो."

वकिलांनी खाली बघितलं. कारभारी हसायचा थांबला. त्याच्याकडं उत्तर तयार होतं, ते आम्हाला आधीच कळलं होतं: बेळगावच्या वकिलांनी पढवून लिहिलेलं कुभांड आहे. पण पढवलेला माणूस आपल्याच मेंबराला कागदात ओढत नाही, आणि मेंबर त्याखाली सही करत नाही. ते उत्तर त्याला देता येईना. तो म्हणाला, ठेवून जा. वकील म्हणाले, रयतेच्या माणसानं एवढंच मागितलंय की हे आपल्यासमोर मोठ्यानं वाचावं. आणि त्यांनी वाचलं. खिडकी उघडी होती. भावाचं नाव आलं तेव्हा मी पायरीकडं बघितलं नाही, बघायचं धैर्य झालं नाही.

पुढं हाक्यांची वेठ बंद करणारा हुकूम निघाला. अर्धामुर्धा, पण निघाला. मेलेल्याबद्दल त्यात एक अक्षर नव्हतं. आप्पांनी हुकूम वखारीच्या दाराला चिकटवला आणि दोन भाषांत शिव्या दिल्या.

पण मला आठवतो तो अर्ज वाचला त्या दिवसाचा परतीचा रस्ता. वकील मोटारीनं बेळगावला गेले, आप्पा निपाणीत राहिले. तो आणि मी, आम्ही दोघं ओढ्याच्या वाटेनं गावाकडं चाललो. 

मग त्यानं विचारलं, "समदं वाचलं न्हवं?"

"समदं."

"गुरवार म्हणाले?"

"गुरवारच म्हणाले."

तो पुढं काही पावलं गेला. मग न थांबता म्हणाला, "अण्णा, आता पाळी बंद. आमच्या घराची."

"बघू की," मी म्हणालो. "गावाला इचारावं लागंल."

"बघू न्हाय. बंद."

मला राग आला. तो मला असं सांगणारा कोण, हे तोंडापर्यंत आलं. पण त्याचं बरोबर होतं, आणि चारचौघांत मान राखायला खोटं बोलावं, तर त्या वाटेवर ऐकणारं दुसरं कुणी नव्हतं. म्हणून मी म्हणालो, "बरं."