साड्यांचं कुंपण

माझा राग वस्तीवर सगळ्यांना ठाऊक आहे. एरवी मी कुणाच्या अध्यात ना मध्यात, पण माझ्या परसातली काडी जरी कुणी न विचारता उपटली, तर त्याचा उद्धार झालाच म्हणून समजा. ईट गावच्या शिवारात, पण गावापासून लांब, शेतातच आमचं घर आहे. घरामागं विहिरीच्या पाण्यावर मी भाजीपाला करते. मेथी, कोथिंबीर, वांगी, आणि टोकाला गवारीचा दाट पट्टा. शेत मालकांचं आणि परस माझं, अशी आमची लग्नापासूनची वाटणी आहे.

परवाच्या दसऱ्याआधी माळावरच्या हरणांनी या परसाची वाट धरली. पहाटे यायची आणि विळ्यानं कापल्यासारखी मेथी शेंड्यावरून साफ करून जायची. मी बुजगावणं उभं केलं, तर दुसऱ्या दिवशी त्याच्याच पायाशी लेंड्या. न्हाव्याकडून केस आणून बांधावर टाकले. त्या वासाला दोन दिवस बुजली, तिसऱ्या दिवशी कोथिंबीर गेली. मालकांना सांगायला गेले तर ते म्हणाले, "मुकं जनावर हाय. खाऊन खाऊन किती खाईल?"

"उद्यापासून तुमच्या ताटात नुसतं पिठलं वाढते, मग कळंल किती खातंय ते," मी म्हणाले.

शेवटी साड्या बांधायचं ठरवलं. आमच्याकडं शेताला जुन्या साड्यांचं कुंपण करतात. वाऱ्यानं साडी फडफडली की जनावर बिचकतं. वस्तीवरच्या बायकांकडून मी विरलेल्या, फाटलेल्या साड्या गोळा केल्या. चुलत जाऊ हाताखाली आली होती. एक एक साडी ओळखत म्हणाली, "लई वर्षं नेसलो ह्या आपण. घरातलं एक माणूस कधी भ्यालं न्हाय, अन् हरणं भिणार व्हय?" हसता हसता आमचा दोर सुटला.

सगळे एकेरी साडी बांधतात आणि खालून मोकळी सोडतात. मला ते अर्धवट काम वाटलं. मी एकावर एक अशा दोन साड्या लावून कुंपण डोक्याइतकं उंच केलं. खालचा काठ जमिनीला टेकवून त्यावर ओळीनं दगड ठेवले. भर दुपारी शेवटची गाठ मारली आणि जावेला म्हणाले, "आता मुंगीला बी वाट न्हाय." तेव्हा मला स्वतःचा फार अभिमान वाटला होता.

त्याच दिवशी संध्याकाळी एक हरणी आली. कळप नाही, एकटीच. कुंपणापासून थोड्या अंतरावर उभी राहून साड्यांकडं बघत राहिली. मी दारातूनच टाळ्या पिटल्या. ती चार उड्या मारून लांब गेली, वळली, परत आली. मी ताट बडवलं. ती पुन्हा गेली, पुन्हा आली. सकाळी उठून बघते तर तिथंच. मग मात्र माझं डोकं फिरलं. गोफण काढली आणि ढेकळं मारली. एक तिच्या मांडीवर बसलं. "लाज न्हाय मेलीला! एवढा माळ पडलाय, तुला माझीच मेथी गोड लागती व्हय?" मी ओरडले. दिवसभर ती येत राहिली, मी हाकलत राहिले. जावेला हे सगळं मी नकला करून सांगितलं, दोघी पोट धरून हसलो.

तिसऱ्या दिवशी सकाळी भाजीला गवार तोडायला गेले. कुंपण घालायच्या आदल्या दिवशीच तोडा झाला होता, म्हणून मधे तिकडं फिरकलेच नव्हते. पट्ट्यात शिरले आणि पायाशी तपकिरी काहीतरी दिसलं. वाटलं, गोणपाटाचा तुकडा असेल. वाकून उचलायला गेले तर त्याला डोळा होता.

पाडस. मान जमिनीला लावून, कान मागं पाडून, चारी पाय पोटाखाली घेऊन पडलेलं. माझा हात तसाच हवेत राहिला. अंगातून सरसरून काटा गेला. मी मटकन खाली बसले.

ते आत होतं. मी गाठी मारत होते तेव्हाही ते आतच होतं. आणि ती बाहेर.

मी लग्न होऊन आले तेव्हापासून म्हशींचं सगळं बघते. नुसत्या कासेवरून म्हैस कधी विणार हे मी सांगते, लोक विचारायला येतात. दोन दिवस ती हरणी माझ्यासमोर उभी होती आणि मी तिच्या कासेकडं एकदासुद्धा बघितलं नाही. मी फक्त तिचं तोंड बघितलं, माझी मेथी खाणारं.

मी पाडस पदरात घेऊन घराकडं पळाले. त्याचं वजन काहीच नव्हतं. सासूबाई ओसरीवर होत्या. त्यांच्या कपाळाला आठ्या पडल्या. "हात कशाला लावलास गं त्याला? हरणी लेकरू दडवून चरायला जाती, पाजायला येती. ठेव जा जिथल्या तिथं!"

"आत्या, दोन दिस ती येऊ शकली न्हाय. मी हाकलली तिला."

सासूबाईंनी एवढंच म्हटलं, "अगं बाई."

मालक वनखात्याला फोन लावत होते. मी कापसाचा बोळा म्हशीच्या दुधात बुडवून पाडसाच्या ओठांना लावला. दूध तोंडाच्या कडेनं गळालं. सासूबाईंनी ते परत ठेवायला लावलं. मी ते गवारीत ठेवलं आणि कुंपण सोडायला धावले. दवानं गाठी आवळल्या होत्या, सुटेनात. विळा आणून सपासप कापल्या. दगड लाथेनं उडवले. जाऊ धावत आली, तिला कापता कापताच काय झालं ते सांगितलं आणि तीही साड्या ओढायला लागली. अर्ध्या तासात सगळ्या साड्या जमिनीवर होत्या. आम्ही घरात जाऊन दार लावलं आणि खिडकीतून बघत बसलो.

हरणी आली. पडलेल्या साड्यांपाशी बराच वेळ थबकली. पुढचा पाय उचलायची, तिथंच खाली ठेवायची. ही धास्ती मीच तिला दोन दिवस शिकवली होती. शेवटी ती साड्या ओलांडून गवारीत गेली, मान खाली घातली, चाटत राहिली. नाकानं ढोसत राहिली. जाऊ पुटपुटत होती, "उठ रं बाळा, उठ." मी देवाला काय काय बोलले ते आता सांगत नाही. पाडस उठलं नाही.

दुपारी वनरक्षक आले. त्यांच्या चाहुलीनं हरणी माळाकडं गेली. पाडसाला हात लावून ते म्हणाले, "गेलंय. काल फोन केला असता तरी चाललं असतं." काल मी गोफण फिरवत होते. त्यांनी कागद केला, मालकांची सही घेतली आणि पाडस पोत्यात घालून गाडीवरून नेलं. मला कुणी एका शब्दानं बोललं नाही. बोलायला हवं होतं. दुसऱ्या कुणी हे केलं असतं तर मी त्याला जगू दिलं नसतं.

संध्याकाळी ती परत आली. सरळ गवारीत गेली आणि त्या दबलेल्या जागेवर उभी राहिली. मी मागचं दार उघडून बाहेर आले. कशासाठी आले, मला माहीत नाही. मधे काहीच नव्हतं, साडी नाही, दगड नाही. मी चालत चालत अगदी जवळ गेले, तिच्या मांडीवरचा ढेकळाचा डाग दिसेल इतकी. तिची कास तटतटली होती, सडातून दुधाचा थेंब मातीत पडत होता. तिनं मान वर करून माझ्याकडं बघितलं आणि पुन्हा खाली घालून माती हुंगायला लागली.

ती पळाली नाही. पळाली असती तर बरं झालं असतं.