आगाथेने अडवलेलं वऱ्हाड

आल्प्समधल्या आमच्या खोऱ्यात रस्ता कधी बंद करायचा, हे गावातलीच पाच माणसं ठरवतात. त्यांची म्होरकी आगाथे. एरवी ती चीज करते. हिमस्खलनाचं भय असलं की रस्त्यावर दांडा आडवा टाकते. त्या दांड्यापुढे पाद्रीबाबांचंही काही चालत नाही, आणि याचा गावाला अभिमान आहे.

तिच्या लेकीचं, लुत्सियाचं लग्न नोव्हेंबरअखेरच्या शनिवारी ठरलं होतं. रविवारपासून नाताळाआधीचे व्रताचे आठवडे. त्यात आमच्याकडे ना लग्न, ना नाच. मुहूर्त हुकला की थेट जानेवारी.

नेमका आदल्या रात्री वाऱ्याने ढीगभर बर्फ आणून टाकला. उजाडताच आगाथेने रस्त्याच्या डोक्यावरच्या मोठ्या उताराशेजारच्या लहानशा चढावर खड्डा खणला. ऑक्टोबरातला पहिला बर्फ सावलीत पडून पडून भरड साखरेसारखा सुटा झाला होता, आणि त्यावर नव्या बर्फाची जड लादी. तिने लादीवर फावडं ठेवून त्यावर थाप मारली. दुसऱ्याच थापेला लादी सरकून पायाशी आली; मोठा उतारही असाच सुटणार.

"तुझ्या घरचं कार्य आहे," बाकीचे चौघे बुटांकडे बघत म्हणाले. "तू म्हणशील तसं."

"म्हणूनच तुम्ही बोला."

चौघे बुटांवरचा बर्फ झटकत राहिले. मग तिनेच दांडा टाकला.

थोड्या वेळाने वऱ्हाडाची बस आली. चालवत होता नवऱ्या मुलाचा बाप, गेबहार्ड.

"विहीणबाई, दोन मिनिटांत पार करतो. पोरगी नवरीचा मुकुट घालून बसली असेल."

"बसू दे."

"आणि वरून बर्फ कोसळलाच नाही तर?"

"तर जन्मभर टोमणे मारा. ऐकून घेईन."

घरी लुत्सियाने मुकुट काढून ठेवला. "इतक्या वर्षांत तुला अडवायला माझंच लग्न सापडलं, आई?" आगाथे जाऊन दुधाची कढई ढवळत बसली.

बर्फ काही आला नाही. पाच जण रोज खड्डे खणत राहिले. कितीही थापा मारल्या तरी लादी हलेनाशी झाली, तेव्हाच दांडा उचलला. खानावळीत लोक म्हणत, "आगाथे, तुझा बर्फ वाट चुकला वाटतं." ती म्हणे, "चुकू दे बिचारा." पण लुत्सिया तिच्याशी कामापुरतंच बोलत होती.

जानेवारीत लग्न लागलं. जेवणाच्या वेळी गेबहार्ड पेला घेऊन उठला. आता टोमणा येणार म्हणून आगाथेने मान खाली घातली.

"त्या दिवशी माझ्या बसमध्ये जे जे होते, त्यांनी उभं राहा."

खुर्च्या सरकल्या. काठी टेकत म्हातारी आजी उठली, ॲकॉर्डियनवाला उठला, कडेवर तान्हं घेऊन गेबहार्डची बहीण उठली. लुत्सियाशेजारून तिचा नवरा उठला.

"विहीणबाई, वर बघा. सगळेच्या सगळे आलेत."

लुत्सियाने नवऱ्याकडे मान वर करून पाहिलं आणि टेबलाखाली आईचा हात घट्ट धरला.