भिंत पडली, आखाडा उभा राहिला

लग्न होऊन सिद्धेश्वर धरणाखालच्या या गावात आले, तरी कितीतरी वर्षं शेतातल्या आखाड्याकडे मी नीट पाहिलं नव्हतं. बैल बांधायची, कडबा आणि हळद ठेवायची काळ्या दगडांची बुटकी इमारत, एवढंच. सासऱ्यांच्या आजोबांनी ती निजामाच्या राजवटीत बांधली. दगड माळावरचा, सागवान बैलगाड्यांतून आणलेलं.

मागच्या वर्षी हळद काढत होतो, तेव्हा आखाडा पाडून पत्र्याचं शेड टाकायचं नवऱ्यानं ठरवलं. पश्चिमेची भिंत फुगली होती.

"कवाही पडंल," तो म्हणाला.

"भिंत पडंल. आखाडा न्हाई पडायचा," सासरे म्हणाले, आणि बैलांना पाणी दाखवायला गेले.

त्याच आठवड्यात एका दुपारी आभाळ काळंनिळं झालं आणि गारा सुरू झाल्या. आमच्या रिकाम्या वावरात एक मेंढपाळ जोडपं खतासाठी मेंढ्या बसवून होतं. सासरे आखाड्याच्या दारातून ओरडले, "समदी आत या! मेंढरंबी घ्या!" नवरा आणि मेंढपाळ मेंढ्या हाकत आले. मी, जाऊ, कडेवर लेकरू घेतलेली मेंढपाळाची बायको, सगळे मेंढ्यांच्या गर्दीत खांबांना टेकलो. वर मातीचं जाड माळवद. गारांचा आवाज गोधडीवर मुठी मारल्यासारखा येत होता. शेजारच्या शेतातल्या शेडचे पत्रे उडून मधल्या धुऱ्यावर आपटताना दारातून दिसले.

तेवढ्यात पश्चिमेची भिंत धाडकन बाहेर कोसळली. त्या बाईनं माझा दंड घट्ट धरला.

"मामा, वरचंबी येतंय का?" जाऊ किंचाळली.

"न्हाई येत," सासऱ्यांनी खांबावर थाप मारली. "माळवद खांबावर हाय. भिंत नुसती आडोसा."

भगदाडातून उजेड आत आला आणि मी पहिल्यांदा मान वर करून पाहिलं. तुळया एकमेकींत अशा अडकवलेल्या की कुठं खिळा दिसेना. त्यांवर लाकडी चिपा, चिपांवर कडुलिंबाचा पाला, मग पांढऱ्या मातीचा थर. वाळवी लागू नये म्हणून प्रत्येक खांब घडीव दगडावर उभा. इतकं सगळं विचार करून कुणीतरी बैलांसाठी बांधलं होतं.

गारा थांबल्यावर नवरा पडलेले दगड बाजूला रचू लागला. शेडचं नाव त्यानं पुन्हा काढलं नाही. दुसऱ्या दिवशी मेंढपाळही आपणहून दगड उचलू लागला. तेच दगड, तीच माती. पण उजेड आवडला म्हणून नवऱ्यानं नव्या भिंतीत एक खिडकी ठेवली. भिंत एवढी रुंद की खिडकीत मांडी घालून बसता येतं. मृगाआधी मी आणि जाऊ माळवदावर चढलो आणि नवी पांढरी माती पसरून चोपली.

आता त्या खिडकीतून धरणाचा कालवा दिसतो. हळद निवडताना आम्ही जावा तिथंच बसतो.