शिवेवरचं नाव

“पॅरिश म्हणजे वाडी गो, देवळाभोवतीची. चर्चवॉर्डन म्हणजे मानकरी. त्यात घाबरूचा काय?” ऑफिसात नवी मुलगी आली की काकी तिला पहिल्या दिवशी असं शिकवायच्या. मुलगी हसायची आणि कामाला लागायची.

आमचं ऑफिस अंधेरीच्या एमआयडीसीत. काम काय, तर इंग्लंडातल्या खेड्यांचे आणि बाजारगावांचे जुने इतिहास टाइप करायचे. कुण्या पाद्र्याने किंवा निवृत्त मास्तराने हौसेने लिहिलेले. बाजार कुठल्या वारी भरायचा, चर्चची घंटा कुणी दिली, कुठल्या शेताला काय म्हणत. स्कॅन केलेली पानं यायची, आम्ही ती बडवून परत पाठवायचो. कुणासाठी, देव जाणे. मला तर त्या गावांचा मनापासून वैताग होता.

काकी मात्र ती वाचायच्या. डबा खाताखाता मधेच म्हणायच्या, “त्या पाद्र्याचा आणि गिरणीवाल्याचा अजून मिटूक नाय हां.” दोघांना मरून जमाना लोटलेला, पण काकींना त्यांची काळजी. तुमच्याही ऑफिसात असेल असं एखादं माणूस, दुसऱ्यांच्या घरात जीव गुंतलेलं.

त्यांचं स्वतःचं गाव तळकोकणातलं, धरणात बुडालेलं. सरकारने लांब माळावर प्लॉट दिले, लोकांनी देव उचलून तिकडे नेले, नवं देऊळ बांधलं. काकींचा राग त्याच्यावरच.

“देव नेले. देवचार खय नेतले?”

देवचार म्हणजे गावचा राखणदार. रात्री शिवेवरून फिरतो, चुकलेल्याला घरी आणून सोडतो. देवळातल्या देवाला हलवता येतं, याला नाही. “तो शीव सोडूचो नाय,” काकी म्हणायच्या. “पाण्याखाली फिरत आसतलो. एकही दार गावत नसतला त्याका.”

यावर आम्ही आधी हसायचो. नंतर कुणी हसेना.

गावात गाऱ्हाणं घालताना, म्हणजे देवांची विनवणी करताना, एकेका राखणदाराला त्याच्या जागेच्या नावाने हाक मारायची रीत. काकींचे वडील ते घालायचे, म्हणून काकींना ते पाठ. पण वडील गेले, भाऊबंद पांगले, आणि काकींच्या लक्षात आलं की देवचाराच्या जागेचं नावच आपल्याला आठवत नाही. नेमकं तेच. त्यांनी माळावरच्या म्हाताऱ्यांना फोन केले. कुणालाच आठवेना. “नाव घेतल्याशिवाय हाक कशी मारू? त्याका वाटतला, सगळे माका इसरले,” असं म्हणून एकदा त्या जिन्यात बसून रडल्या. मी चहा आणून दिला.

आमच्याकडे एक पान दोघांनी वेगवेगळं टाइप करायचं असे. कॉम्प्युटर दोन्ही ताडून बघायचा आणि फरक दिसला की लाल करायचा. ते लाल निस्तरणं माझ्याकडे. एका दुपारी कुठल्याशा इंग्लिश गावातल्या शेतांची नावं चालली होती. म्हातारीचा कोपरा, कावळ्यांचा माळ, असलीच काहीतरी. मधेच एक ओळ लालभडक. दुसऱ्या मुलीच्या पानात ती ओळच नव्हती. मूळ पानातही नव्हती. काकींच्या पानात होती, इंग्रजी अक्षरांत, पण शब्द चक्क मालवणी.

मी वैतागून हाक मारली, “ओ काकी, हे काय घातलंय मधेच?”

त्या आल्या. चष्मा पुसून स्क्रीनकडे बघत राहिल्या.

“मीच लिवलंय ह्या?”

“तुमचंच पान आहे.”

“वाच मरे एकदा. मोठ्यान.”

मी वाचलं. त्या माझ्यामागून पुटपुटल्या, पुन्हा पुटपुटल्या. मी खुर्ची पुढे केली, तर हाताने बाजूला सारली.

“नाव गावला त्याचा,” त्या म्हणाल्या. “आता पूस ता. साहेबाच्या गावात त्याका कित्याक अडकवतंस?”

मी पुसलं. तोवर ते नाव मला पाठ झालं होतं, खोटं कशाला सांगू.

त्या आठवड्यात रजा टाकून काकी गावी गेल्या. धरणाच्या काठावरून मला फोन. “एकटी आसंय. गाऱ्हाण्याक हो म्हणणारा कोण नाय. स्पीकर लाव.” गावात बाईमाणसं गाऱ्हाणं घालत नाहीत, पण तिथे अडवायला उरलं होतं कोण?

मी स्पीकर लावला. पंजाबी सुपरवायझरसकट सगळे टेबलाभोवती जमले. काकींचा आवाज आला, “बा म्हाराजा...” मग नाव आलं, इतकं हळू की ते फक्त मला कळलं. “गाव बुडालो, पण आमी तुका इसराक नाय. चुकला माकला पोटात घाल, आणि माणसां जय आसतीत थय त्यांची राखण कर रे म्हाराजा!”

“होय म्हाराजा!” आम्ही ओरडलो.

पलीकडे नुसता वारा वाहत होता. बराच वेळ ना त्यांनी फोन ठेवला, ना आम्ही.

गेल्या वर्षी काकी गेल्या. मुलगा परदेशात, त्याला यातलं काही ठाऊक नाही. ते नाव आता माझ्याशिवाय कुणाला माहीत असेल असं वाटत नाही. इथे लिहिणार होतो, पण हात होईना. काकी सांगायच्या, त्या नावाने हाक मारली की त्याला यावं लागतं. शिवाय माणसं असतील तिथे राखण कर, असं आम्हीच त्याला सांगून बसलोय. आणि काकींना शोधत तो अंधेरीला आला, तर मी त्याला काय सांगू?