थेंबमामा आणि थोरल्यांचा शब्द

नळाच्या कारखान्यात थेंबमामांचा हात धरणारं कुणी नव्हतं. तीस वर्षं एकच काम. तयार नळ पाण्याला जोडायचा, बंद करायचा आणि खाली टिपकागद धरायचा. कागद ओला झाला की नळ परत. "डोळे फसतात, कागद फसत नाही," हे त्यांचंच म्हणणं. आणि याच माणसाने ऐन वेळी कागद नको म्हणावं, आता बोला!

कारखाना उभारणारे थोरले साहेब देवमाणूस, यात वाद नाही. कामगारांसाठी मागच्या गल्लीत बावीस घरं बांधली आणि "ही तुमचीच" म्हणाले. म्हातारपणी ते स्वतः कागद घेऊन गल्लीत आले. "सह्या करा, घरं नावावर होतील. माझ्यामागे कोण कसा निघेल, सांगता येत नाही."

झालं, मामांच्या अंगात आलं. "साहेब, बापाच्या शब्दाला लेकरं कागद मागतात का?" साहेबांनी पुन्हा विचारलं, मामांनी पुन्हा हात जोडले. गल्लीने टाळ्या वाजवल्या. शहाणे कुठले! एकटी पॅकिंगमधली आक्का सही करून आली. म्हणाली, "साहेबांवर विश्वास आहे हो, पण साहेब काही अमरपट्टा घेऊन आलेले नाहीत." हा साहेबांचा अपमान म्हणून मामांनी तिच्याशी बोलणं टाकलं. भिंतीला भिंत लागून घर, तरी बारा वर्षं अबोला.

थोरले गेले. गेल्या महिन्यात त्यांच्या नातवाने कारखान्याला टाळं ठोकलं आणि जमीन विकली, घरांसकट. मामा कचेरीत गेले, थोरल्यांचा शब्द सांगितला. कारकुनाने सगळं ऐकून घेतलं आणि विचारलं, "काका, काही लेखी आहे?"

परतताना मामा रस्ताभर चडफडत होते. आधी नातवावर, मग कारकुनावर. मग थेट थोरल्यांवर, की आम्ही हात जोडले म्हणून काय झालं, दोन ठेवून द्यायच्या होत्या आणि सही घ्यायची होती. स्वतःचा नंबर लागेपर्यंत घर आलं.

गल्लीत सामान बांधणं चाललं होतं. वीस घरांतलं कुणी मामांकडे बघेना. मामी पोत्यात भांडी भरत होती. "जायचं कुठे, तेवढं सांगा," ती म्हणाली.

शेजारच्या दारातून आक्का म्हणाली, "माझी पुढची खोली रिकामी आहे. सामान इकडे आणा."

मामांनी पोतं उचललं आणि तिच्या उंबऱ्यापाशी थांबले. मान खाली.

"तुझा मोरीतला नळ गळतोय," ते म्हणाले. "बारा वर्षं ऐकतोय."