दिव्यावरचा बर्फ

सोमवारी सकाळी सव्वादहा वाजता माझी बायको सुनंदा गेली. मी कोल्ड स्टोरेजच्या तीन नंबरच्या चेंबरमध्ये होतो. फोन बाहेर टेबलावर होता.

नंतरचे पाच महिने मी कामावर गेलो नाही. नवीन जालन्यातल्या एका बियाणे कंपनीचं रेफ्रिजरेशन मी तीस वर्षं सांभाळलं होतं. रिटायर झाल्यावरही त्यांचं काम मीच बघायचो. त्यांचे दोन निरोप आले. मी जमणार नाही असं कळवलं. घरी एक पुस्तक तीनदा सुरू केलं.

मग रफीकचा फोन आला. रफीकचं भंगाराचं गोदाम आहे. जुने फ्रीज, एसी आले की गॅस काढून द्यायला तो मला बोलावतो, अशी आमची वीस वर्षांची ओळख.

"साहेब, धोका झाला," तो म्हणाला. "सरकारी मालात एक फ्रीज आलाय. आतली मोटरच न्हाई. कुणीतरी आधीच काढून घेतली. मागं नुसते पाइप हायेत. कापून टाकू का?"

मी विचारलं, "खाली काय आहे? टाकी आहे का?"

"हां, टाकी हाय. रॉकेलचा वास मारून राह्यलाय."

मी त्याला म्हणालो, कटर लावू नकोस. मी येतो.

त्या फ्रीजची मोटर कुणी चोरली नव्हती. तो बिनमोटरचाच फ्रीज होता. आपल्या घरच्या फ्रीजमध्ये कॉम्प्रेसर असतो. तो गॅस दाबतो, फिरवतो, आणि त्यामुळे थंडावा येतो. या जुन्या फ्रीजमध्ये कॉम्प्रेसरच्या जागी एक ज्योत असते. खाली रॉकेलचा बर्नर. त्याच्या उष्णतेनं बॉयलरमधलं अमोनियाचं पाणी उकळतं. अमोनिया वर चढतो, मागच्या जाळीत निवून पातळ होतो, आतल्या नळीत उतरतो, तिथं हायड्रोजनच्या संगतीत त्याची पुन्हा वाफ होते. ही वाफ होताना ती आतली उष्णता ओढून घेते. मग अमोनिया पुन्हा पाण्यात विरघळून बॉयलरकडे परततो. सगळा प्रवास चढावर आणि उतारावर. आत एकही भाग हलत नाही. अशा बंद पाइपाला रफीकनं कटर लावला असता तर अमोनियाच्या उग्र वाफेत त्याच्या गोदामात कुणी उभं राहू शकलं नसतं.

गोदामात फ्रीज भिंतीला टेकून तिरपा उभा होता. पांढरा, कडांना गंजलेला. दाराचं रबर निघून लोंबत होतं. बाजूला लाल रंगानं आरोग्य खात्याचा नंबर आणि दवाखान्याच्या गावाचं नाव लिहिलेलं होतं. गाव राजूरच्या अलीकडचं. सुनंदाची नर्स म्हणून पहिली नेमणूक तिथेच झाली होती. दवाखान्याची जुनी इमारत पाडली, त्यातला हा माल.

मी आत बघितलं. वरच्या जाळीला गॉजच्या पट्टीचा एक तुकडा बांधलेला होता, दुहेरी गाठीचा. सुनंदा थर्मामीटर असाच बांधायची. घरच्या फ्रीजमध्येही तशीच एक गाठ होती.

"साहेब, किती द्याल?" रफीकनं विचारलं. मग माझ्याकडे बघून म्हणाला, "राहू द्या. भंगाराच्या भावानं घेऊन जा. चालला तर तुमचा, न्हाई चालला तर माझा मला वापस द्या. पाइप तुम्ही रिकामे करून द्यायचे."

इथे एक जुनी गोष्ट सांगायला हवी. आमच्या लग्नाचं दुसरं वर्ष होतं. मी आयटीआय करून एका दुकानात फ्रीज दुरुस्त करायचो. सुनंदा शनिवारी गावाहून यायची. एका शनिवारी जेवताना तिनं सांगितलं की दवाखान्यातला फ्रीज थंड होईना, म्हणून तिनं तो चार माणसांकडून उलटा करवला. डोकं खाली, पाय वर. एक दिवस तसाच ठेवला. मग सरळ करून पेटवला तर बर्फ पडला.

दुकानातले दोन मित्र जेवायला होते. आमच्या धंद्यात पहिल्या दिवशी शिकवतात, की फ्रीज आडवासुद्धा करायचा नाही. कॉम्प्रेसरमधलं तेल नळ्यांत शिरतं आणि मशीन बसतं. मी म्हणालो, "फ्रीजला शीर्षासन शिकवलंस का?" सगळे हसले. ती म्हणाली, पुस्तिकेत लिहिलंय, मी डिक्शनरी घेऊन वाचलं. मी म्हणालो, इंग्रजी वाचता आलं म्हणजे मशीन कळतं असं नाही. तीही थोडी हसली. भाकरी वाढली. त्यानंतर तिनं त्या फ्रीजबद्दल मला काही सांगितलं नाही. मी मात्र हा किस्सा पुढे तीस वर्षं सांगितला. कंपनीत नवीन हेल्पर आला की त्याला फ्रीज आडवा न करण्याचा धडा मी याच किश्श्यानं द्यायचो. दोन-तीनदा ती समोर असतानाही सांगितला.

तेव्हा तिचं खरं होतं की माझं, हे आता त्या गंजलेल्या पेटीत बंद होतं. ती चालली नाही तर ते कधीच कळणार नव्हतं.

फ्रीज घरामागच्या शेडमध्ये आणला. आधी मागच्या पाइपांवरून हात फिरवला. अशा युनिटला गळती असली तर वेल्डिंगपाशी पिवळी भुकटी दिसते. आतल्या पाण्यात गंज धरू नये म्हणून एक रसायन टाकलेलं असतं, ते बाहेर येऊन वाळतं. भुकटी नव्हती. अमोनियाचा वासही नव्हता. इतक्या वर्षांनी आतला माल आतच होता.

मग रोज एक काम. धुराड्यातून ओंजळभर काजळी निघाली. धुराड्यात पिळाची एक लोखंडी पट्टी असते, ती उष्णता धरून ठेवते. ती वाकलेली होती, सरळ केली. बर्नरची जाळी सोड्याच्या पाण्यात उकळली. वात नवी घातली. दाराला कोल्ड स्टोरेजच्या दाराचं जुनं रबरी गास्केट कापून बसवलं. रॉकेल आता रेशनवर मिळत नाही. चार ठिकाणी विचारून एका पेंटवाल्याकडून पाच लिटर मिळालं. रंग मात्र दिला नाही. रंग दिला असता तर बाजूचा नंबर गेला असता.

बर्नर जमिनीलगत असतो, त्यामुळे ज्योत वाकूनही दिसत नाही. ज्योत निळी हवी. पिवळी झाली की काजळी धरते आणि थंडावा जातो. मी जमिनीवर आडवा होऊन बघत होतो, तेव्हा सुनंदाच्या ड्युटीच्या पिशवीतला आरसा आठवला. तळहाताएवढा, एका कोपऱ्यात काळा पडलेला. तो कधीपासून तिच्या पिशवीत होता मला माहीत नाही. मी तो आणला आणि बर्नरखाली धरला. ज्योत पूर्ण दिसली. काळा कोपरा ज्योतीला लागला, आणि तो काळा का, तेही दिसलं.

गवंड्याची लेव्हल लावून फ्रीज सरळ केला. पेटवला. संध्याकाळी धुराड्याला हात लावता येत नव्हता, बॉयलर तापला होता आणि आतला बर्फाचा कप्पा शेडइतकाच गरम होता. दुसऱ्या दिवशीही तेच. तिसऱ्या दिवशी मी ज्योत थोडी वाढवली, कमी केली, लेव्हल पुन्हा बघितली. चौथ्या दिवशी बर्नर विझवला.

उलटा करण्याचा विचार मनात आला नव्हता असं नाही. रोज येत होता. पण हात पुढे होत नव्हता. पस्तीस वर्षं ज्याला मना केलं ते करायचं, आणि त्यात युनिट फुटलं तर जे थोडं उरलं आहे तेही जाणार. रफीकला फोन करून वापस न्यायला सांगावं असं मी ठरवत आणलं होतं.

त्याआधी एकदा गावाला जाऊन आलो. मोटरसायकलवर राजूरच्या रस्त्यानं. दवाखान्याचे जुने शिपाई भीमराव अजून गावात आहेत हे मला माहीत होतं. सुनंदाला ते ताई म्हणायचे, म्हणून मी त्यांचा दाजी. तिच्या दिवसांना ते आले होते, पण माझ्याशी बोलणं झालं नव्हतं. आता पंच्याहत्तरीचे आहेत. ओट्यावर बसून तुरीच्या शेंगा सोलत होते. ते बर्नरची वात किती वर ठेवायचे, हे मी विचारलं. त्यांनी सगळं ऐकून घेतलं. किती दिवस पेटवला, काय तापलं, काय गार झालं नाही.

"उलटा केला का?" त्यांनी विचारलं.

"नाही."

"मंग कसा चालंल, दाजी? पडून पडून त्याचं आतलं पाणी झोपी जातंय. ताईनं तुम्हाला सांगितलं न्हाई का?"

मी म्हणालो, "सांगितलं होतं. मी हसलो होतो."

भीमरावांनी पुढची शेंग सोलली. "आमीबी हसलो होतो," ते म्हणाले. "नर्सबाईचं डोकं फिरलं म्हणलो. पण आमी उचलला."

मग त्यांनी त्या दिवसाचं सांगितलं. लसीचे डोस बर्फाच्या डब्यात घालून सुनंदानं दुसऱ्या दवाखान्यात पाठवले होते. दोन दिवसांत फ्रीज चालू झाला नसता तर गावातलं लसीकरण रद्द होणार होतं, आणि बाया लेकरं घेऊन लांबच्या वस्त्यांवरून चालत येणार होत्या. भुसकटाची पोती अंथरून फ्रीज त्यावर उलटा ठेवला. सुनंदा पुस्तिका घेऊन शेजारी बसली. तिसऱ्या दिवशी सकाळी कप्प्यात बर्फ बघून भीमराव बाहेर पळत गेले आणि सरपंचाला बोलावून आणलं. सुनंदानं सरपंचाला फ्रीजचं दार दुसऱ्यांदा उघडू दिलं नाही. थंडावा जातो म्हणाली.

"तुमच्याकडं माणसं हायेत का उचलायला?" भीमरावांनी विचारलं. आणि उत्तराची वाट न बघता पायात चपला घातल्या.

रफीक त्याचे दोन हमाल घेऊन आला. शेडमध्ये मी जुन्या गाद्या अंथरल्या होत्या. काय करायचं ते सांगितल्यावर रफीक एक पाऊल मागे सरला.

"साहेब, वीस साल तुम्ही माझ्या टेम्पोवाल्यांना शिव्या दिल्या. फ्रीज आडवा का आणला म्हणून. आज तुम्हीच?"

"आज मीच," मी म्हणालो.

"मग लिहून देता का?"

भीमराव म्हणाले, "ए भाऊ, बोलू नको. खालून धर."

पाच माणसांनी फ्रीज उचलला आणि फिरवला. अर्ध्यावर असताना आतून आवाज आला. जाड, सावकाश आवाज, रांजणातून पाणी ओतावं तसा. फ्रीज पूर्ण उलटा झाल्यावरही तो काही वेळ येत राहिला, एका नळीतून दुसरीत. सगळे थांबले. हमालांनी हात काढले नाहीत. इतकी वर्षं जे पाणी एका जागी निजलं होतं, ते उठून चालत होतं असं मला वाटलं. रफीक हळूच म्हणाला, "जिंदा हाय, साहेब."

एक दिवस उलटा. मग सरळ करून पुन्हा एक दिवस नुसता उभा. भीमराव माझ्याकडेच राहिले. तिसऱ्या दिवशी सकाळी मी बर्नर पेटवला. आरशात ज्योत निळी होईपर्यंत वात खाली-वर केली. बर्फाच्या साच्यात पाणी भरून ठेवलं. दिवसभर भीमरावांनी मला दार उघडू दिलं नाही.

दुसऱ्या दिवशी उजाडल्यावर मी शेडमध्ये गेलो. मशीन चालू आहे की बंद, हे मी पस्तीस वर्षं कानानं ओळखत आलो आहे. दारातून ऐकू आलं की मला बघावं लागत नाही. इथे काहीच ऐकू येत नव्हतं. बाहेर चिमण्या होत्या, तेवढंच. मला वाटलं, गेलं. खाली आरसा धरला, ज्योत होती. दार उघडून कप्प्यावर बोट ठेवलं. बोट चिकटलं.

कप्प्याला चारी बाजूंनी पांढरं हिम धरलं होतं. साच्यातलं पाणी गोठलं होतं. आवाज नाही, कंप नाही, वीज नाही. हातभर खाली एक निळी ज्योत जळत होती आणि वर तिच्यामुळे बर्फ झाला होता. त्यामागचं सगळं विज्ञान मला येतं, मी वर लिहिलंही आहे. तरी मी जमिनीवर बसलो. बावीस-तेवीस वर्षांची सुनंदा, वीज नसलेल्या गावात, एका अनोळखी यंत्रापुढे डिक्शनरी घेऊन बसलेली, हे मला पहिल्यांदा दिसलं. मी तिच्यासोबत सदतीस वर्षं राहिलो होतो.

भीमराव आले. त्यांनी आत बघितलं. "हं," म्हणाले. "दार लावा, दाजी. थंडावा जातोय."

नंतर मी माझं आयटीआयचं पुस्तक काढलं. त्यात या फ्रीजवर एक प्रकरण आहे, अकरा पानांचं. परीक्षेत येत नाही म्हणून आमच्या मास्तरांनी ते सोडलं होतं, मग मीही सोडलं. दहाव्या पानावर उलटं करण्याविषयी चार ओळी आहेत.

मी पुन्हा कंपनीत जातो, आठवड्यातून दोन दिवस. हेल्परांना अजूनही सांगतो, फ्रीज आडवा करायचा नाही. पण आधी विचारायला सांगतो, की कोणता फ्रीज. जो नियम आपण एका मशीनवर शिकलो तो दुसऱ्याला लावण्याआधी ते मशीन ज्यानं चालवलं आहे त्याला विचारावं. तो किस्सा सांगतो, आता पूर्ण सांगतो.

फ्रीज शेडमध्ये आहे. रॉकेल मिळालं की पेटवतो. गॉजची गाठ सोडलेली नाही. आरसा बर्नरशेजारी खिळ्याला टांगलेला आहे.