बशीतलं पाणी

शून्यताईंचा दिवस पहाटे साडेचारला सुरू होई, आणि तो त्यांची आई सुरू करून देई. आईला ऐकू येत नव्हतं. सारं आयुष्य कापडाच्या मागांच्या कारखान्यात गेलं, कान तिथेच राहिले. तरी गजराचं घड्याळ आईच्याच उशीखाली असे. ते थरथरलं की आई उठे आणि लेकीच्या पायाचा अंगठा ओढून तिला उठवी. घरात दोघीच होत्या, आणि यात काही नवल आहे असं दोघींनाही वाटत नव्हतं.

सहाच्या पाळीला ताई हजर. आमच्या कारखान्यात मोठे पंखे बनत, गोदामांचे आणि बोगद्यांचे. पंख्याचं चाक तयार झालं की तोल साधायला ताईंच्या मशिनवर येई. चाक फिरवायचं, काटा बघायचा, जड बाजूला खडूने खूण करायची, तिथलं थोडं लोखंड ड्रिलने काढायचं, पुन्हा फिरवायचं. चाक उचलायला क्रेन होती, पण खाचेत बसवताना शेवटचा जोर खांद्यानेच द्यावा लागे. काटा हिरव्या पट्ट्यात आला की नियमाने काम संपत असे. ताईंचं संपत नसे. काटा शून्यावर आल्याशिवाय त्या चाक सोडत नसत.

"ताई, पंखा आहे तो, दागिना नाही," फोरमन म्हणे.

"दागिना सुटला तर कुणाचं डोकं फुटत नाही," ताई म्हणत आणि चाक पुन्हा फिरवत.

त्यावरून शून्यताई हे नाव पडलं. मी शेजारी ड्रिलवर होतो. त्यांनी खूण केली तिथे मी भोक पाडत असे. त्यांची खूण चुकल्याचं मला आठवत नाही.

ताईंना नाद एकच, रेकॉर्ड ऐकण्याचा. एक क्लब बंद पडला तेव्हा त्याचे दोन उंच स्पीकर त्यांनी घेतले. प्लेअर आणि अॅम्प्लिफायर गल्लीच्या तोंडाशी बसणाऱ्या रेडिओवाल्याकडून, जुनेच. घर दुसऱ्या मजल्यावर, दोन खोल्या, जमीन लाकडी फळ्यांची. संध्याकाळी ताई खुर्चीत बसत, आई स्पीकरजवळ बुटक्या स्टुलावर अनवाणी बसून मटार सोली. आई सोबत म्हणून बसते, असं ताई धरून चालल्या होत्या. दोघी बोलत त्या ओठांनी, आवाज न काढता. मागांच्या गोंगाटात बायका तसंच बोलत. आईने आवाज काढलाच, तर तो खालच्या मजल्यापर्यंत जाई. दिवसभरात दोघींना मिळे तो हा एवढाच वेळ.

फळ्यांची जमीन आणि रेकॉर्ड यांचं जमत नाही. कुणी चाललं की प्लेअरची सुई उडे. स्पीकरचा खर्ज फळ्यांतून प्लेअरमध्ये शिरे आणि घुमत परत येई. खालच्या मजल्यावरचा माणूस काठीने छत ठोके. ते बहुतेक वेळा आईलाच आधी कळे.

"खालचा ठोकतोय," ती ओठांनी सांगे. ताई आवाज कमी करत.

रेडिओवाल्याकडे यावर इलाज पुष्कळ होते. स्पीकरखाली लावायचे पितळी टोकदार पाय. वायर जमिनीला लागू नये म्हणून लाकडी घोडे. अॅम्प्लिफायरवर ठेवायची एक काळी चकती, तिने म्हणे आवाज शांत होतो.

"कसा शांत होतो?" ताईंनी विचारलं.

"ते ऐकावं लागतं, ताई. सांगून कळत नाही."

"तर मग ऐकून पैसे देते."

ताईंनी सगळं घरी नेलं. एक वस्तू लावायची, तीच रेकॉर्ड ऐकायची, वस्तू काढायची, पुन्हा तीच रेकॉर्ड. घोड्यांनी काडीचा फरक पडला नाही. चकतीनेही नाही. पितळी पायांनी खालचा माणूस जास्त जोरात ठोकू लागला, कारण टोकांमधून थरथर फळ्यांत आणखी सरळ उतरत होती. ताईंनी सगळं परत केलं.

"तुमचे कानच तसे," रेडिओवाला कुरकुरला.

"मग कानावर सोडत नाही," ताई म्हणाल्या.

त्यांनी चहाची बशी पाण्याने भरली आणि स्पीकरपाशी जमिनीवर ठेवली. रेकॉर्ड लावली. पाण्यावर बारीक वळ्या उठल्या. हा त्यांचा काटा.

"बशी कुणासाठी?" आईने विचारलं. "मांजर आणणार असशील तर आधी सांग."

त्यानंतर ताई खऱ्या कामाला लागल्या. भिंतीत लोखंडी कोन ठोकून प्लेअरची फळी त्यावर बसवली, म्हणजे चालण्याने सुई उडणार नाही. स्पीकरसाठी सिमेंटच्या दोन लाद्या ओतून घेतल्या. लाद्यांखाली मशिनच्या पायाला लावतात ते रबर. फार कडक रबर घेतलं तर थरथर खाली जाते, फार मऊ घेतलं तर लादी डुलते. वजनाला बेताचं रबर मिळेपर्यंत ताईंनी भंगारवाल्याचं दुकान उलथंपालथं केलं. लाद्या जिन्याने वर नेल्या त्या आम्ही दोघांनी. जिना अरुंद, वळणावर लादी उभी करावी लागे, आणि उभी लादी धरायला जागा नसते. खाली असतो त्याच्या छातीवर सगळा भार येतो. खाली मी होतो. पहिलीलाच नाकी नऊ आले, आणि दुसरी खाली वाट बघत होती.

शेवटी रेकॉर्ड लावली. बशीतलं पाणी हललं नाही. वादकाचं बोट तारेवरून सुटतानाचा आवाजही वेगळा ऐकू आला. खालून काठी आली नाही. ताई बशीकडे बघत राहिल्या. कारखान्यात काटा शून्यावर आला की असंच बघत.

आई त्या संध्याकाळी थोडा वेळ बसली, मग मटार उचलून स्वयंपाकघरात गेली. दुसऱ्या दिवशीही तेच. मग ती बाहेर येईनाशीच झाली.

ताईंनी आधी दुखतंय खुपतंय का ते विचारलं. काही नव्हतं.

"माझ्यावर रागावलीस का?"

"तुझ्यावर रागवायला मला वेळ कुठे आहे," आई म्हणाली आणि मटार सोलत राहिली.

कारखान्यात ताईंनी एक चाक हिरव्या पट्ट्यात सोडलं. फोरमन खूश झाला. मी ड्रिल बंद करून विचारलं, काय झालं.

"आई माझ्याजवळ बसत नाही," ताई म्हणाल्या. "खर्च तिला आवडला नसणार. घरात भिंती रंगवायच्या राहिल्यात आणि मी लाद्या ओतत बसले. स्पीकर विकते. रेडिओवाला घेतो म्हणालाय. रविवारी खाली उतरवायला याल?"

"लाद्यापण?"

"लाद्या राहू देत. तुमची छाती अजून दुखत असेल."

रविवारी गेलो. उतरवण्याआधी ताईंनी एक रेकॉर्ड लावली. मला तसल्या गाण्यातलं फारसं कळत नाही, पण आवाज स्वच्छ होता, खोलीत कुणी येऊन बसल्यासारखा. आई चहा घेऊन आली. कप माझ्या हातात देऊन तिने ताईंकडे पाठ केली, म्हणजे ओठ लेकीला दिसू नयेत, आणि मला सांगितलं. हळू सांगतेय असं तिला वाटत होतं. सगळ्या जिन्याला ऐकू गेलं.

"भाऊ, तुम्ही तरी सांगा तिला. डबा बिघडलाय."

"कुठला डबा, मावशी?" मी ओठ नीट हलवून विचारलं.

"हाच. त्या दगडावर ठेवल्यापासून बंद पडलाय. एवढा खर्च केलाय, मग बोलू कशी? रोज बंद डब्यासमोर बसते पोर, मान हलवते. मला बघवत नाही."

ताईंनी आईच्या पायांकडे बघितलं. अनवाणी, टाचा फुटलेल्या, बोटं पसरलेली. त्यांनी रेकॉर्ड थांबवली.

"भाऊ, एक बाजू धरा."

डावा स्पीकर आम्ही लादीवरून उतरवून उघड्या फळ्यांवर ठेवला. ताईंनी तीच रेकॉर्ड पुन्हा लावली आणि आईचं स्टूल जवळ ओढलं. आई उभीच होती. मग तिने तळवे सरकवले, एकदा पुढे, एकदा बाजूला, आणि बसली.

"आता चालू झाला," ती म्हणाली. थोड्या वेळाने, "ही ती मधे थांबणारी. थांबते, आणि मग सगळे मिळून येतात."

थांबली. मग सगळे मिळून आले.

"तुला सगळ्या माहीत आहेत?" ताईंनी विचारलं.

"सगळ्या नाहीत. तू जिला किरट्या आवाजाची म्हणतेस, त्या बाईच्या मला पायात काही येत नाहीत. तिच्यात खाली काही नाहीच. मागावर असताना कुठला धागा तुटला ते मला पायाने आधी कळायचं. डोळे नंतर जायचे." मग खाली बघून, "ठोकतोय तो."

खालून काठीचे आवाज येत होते. या वेळी ताईंनी आवाज कमी केला नाही.

रेडिओवाल्याला निरोप गेला, स्पीकर द्यायचे नाहीत. पण शून्यही ताईंना सोडवेना. तेव्हा तोडगा निघाला तो कष्टाचा. स्पीकर लादीवर, ताईंची रेकॉर्ड. मग दोघींनी मिळून स्पीकर खाली उतरवायचा, आईची रेकॉर्ड. मग पुन्हा वर चढवायचा. खालच्या माणसाशी ताई स्वतः जाऊन बोलल्या. त्याने आईच्या एका रेकॉर्डपुरती काठी बाजूला ठेवली, किरट्या बाईचीच लावा अशी विनंती केली, आणि ती मान्य झाली नाही. उतरवणं सोपं वाटतं, पण वाकून ओझं अलगद टेकवणं उचलण्यापेक्षा कमरेला जास्त लागतं. पाळी करून आलेल्या ताई आणि म्हातारी आई हे रोज करत होत्या, ताई निवृत्त होईपर्यंत. मी विचारलं तर म्हणत, "एका खोलीत दोघींचं ऐकायचं म्हणजे एवढं होणारच."

निवृत्तीची रक्कम हातात आली तेव्हा फोरमनने विचारलं, कशात गुंतवणार.

"लाकडात," ताई म्हणाल्या. त्याला ती थट्टा वाटली.

ताईंनी चौथरा करून घेतला, एक खुर्ची आणि दोन पाय मावतील एवढा. वर पातळ, सुकी, ताणून बसवलेली फळी. तिच्या पोटाला एक जाड स्पीकर उलटा स्क्रूने आवळलेला, फक्त खर्ज देणारा. चौथऱ्याखाली तेच रबर, म्हणजे थरथर आईपाशीच राहील आणि खालच्याला काठी उचलावी लागणार नाही. फळी कुठे किती थरथरते ते ताईंनी हाताने बघितलं, जड वाटली तिथे खडूने खुणा केल्या. खुणा केलेल्या जागी भोकं पाडायला मला बोलावलं.

स्पीकर लादीवरच ठेवून रेकॉर्ड लावली, दोन बशा ठेवल्या. जमिनीवरच्या बशीतलं पाणी स्थिर राहिलं. चौथऱ्यावरच्या बशीत काठापर्यंत वळ्या उठल्या. ताईंनी दोन्हीकडे बघून मान हलवली, चौथऱ्यावरची बशी उचलली आणि आईची खुर्ची तिथे ठेवली.